अँडरसनची कात्री

लेखकाने लेखनाबाहेर केलेल्या उद्योगांकडे समीक्षक सहसा दोन नजरांनी पाहतात. एक तर विरंगुळा म्हणून ते चरित्रातल्या एखाद्या कोपऱ्यात टाकून देतात. नाही तर लेखक थोर म्हणून त्याने हात लावलेली चिंधीही थोर, अशा भावनेने तिची पूजा मांडतात. डेन्मार्कचा कथाकार हॅन्स ख्रिश्चन अँडरसन (१८०५-१८७५) याच्या कागदी कातरकामाच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार आले. बराच काळ ती एका लहरी माणसाची करमणूक समजली गेली. पुढे विसाव्या शतकात कातरलेल्या कागदाला चित्रकलेत प्रतिष्ठा मिळाली, मातीससारख्या चित्रकाराने उतारवयात रंगवलेले कागद कापून मोठमोठी चित्रे केली, तेव्हा अँडरसन हा आधुनिक कलेचा पूर्वसूरी होता असे सांगणारेही निघाले. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. अँडरसनची कातरचित्रे म्हणजे भेटी आहेत. कोणा एका ठरावीक माणसाला, बहुधा लहान मुलाला, हातोहात दिलेल्या. त्यांची घडण, त्यांचे गुण आणि त्यांचे दोषसुद्धा या एका गोष्टीतून आले आहेत, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे.

अँडरसन हा ओडेन्स गावातल्या जोडे शिवणाऱ्या एका गरीब कारागिराचा मुलगा. आई लोकांचे कपडे धूत असे. बापाने त्याला खेळण्यातले एक थिएटर करून दिले होते आणि त्यातल्या बाहुल्यांचे कपडे हा मुलगा स्वतः शिवीत बसे. १८१९ साली, चौदाव्या वर्षी, नट होण्यासाठी तो एकटाच कोपनहेगनला गेला. नट होणे काही जमले नाही; पण रंगमंच त्याच्या हातातून सुटलाही नाही. पुढे लेखक म्हणून नाव झाल्यावर तो सधन कुटुंबांत आणि जहागीरदारांच्या वाड्यांत पाहुणा म्हणून राहू लागला. स्वतःचा संसार त्याने कधी थाटला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टेबलावर जेवणाऱ्या माणसाने यजमानांचे उतराई कसे व्हायचे? अँडरसनपाशी दोनच गोष्टी होत्या: एक कथा, दुसरी कात्री.

जेवणे आटोपली, दिवे लागले, मुले भोवती जमली, की तो हाती लागेल तो कागद घेई, त्याची घडी घाली आणि गोष्ट सांगता सांगता कातरू लागे. कात्री नाजूक कशिद्याची नव्हे, चांगली मोठी. गोष्ट संपत आली की कागद उलगडायचा आणि जे काही निघेल ते समोरच्या मुलाच्या हातात ठेवायचे. त्यातून काय काय निघे? एका पायावर तोललेल्या नर्तकी, हंस, विदूषक, मुलांच्या डोळ्यांत झोप घालणारा ओले लुकोये, ज्याच्या पोटाला दारे-खिडक्या आहेत असा पवनचक्कीचा माणूस, आणि या सगळ्यांच्या शेजारी फाशीचा खांब! अशी शेकडो चित्रे आज टिकून आहेत. त्यांचा मोठा संग्रह ओडेन्सच्या संग्रहालयात आहे.

*

घडी घालून कागद कातरणे आपल्याला नवे नाही. शाळेत आपण त्याला 'कातरकाम' म्हणत आलो. दिवाळीच्या आधी अजूनही पुष्कळ घरांत बांबूच्या कामट्या, खळीची वाटी आणि घोटीव कागद यांचा पसारा पडतो, घड्या घालून झिरमिळ्या कातरल्या जातात. ज्याने हे काम केले आहे त्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. घडीचा कागद कातरताना आपण नेहमी अर्धेच कातरत असतो; उरलेले अर्धे घडी करते. पूर्ण आकृती कातरणाऱ्यालाही उलगडल्यावरच दिसते. शेजारी बसलेल्या मुलाला तर तोवर खाली पडणारे तुकडे तेवढे दिसतात.

अँडरसनच्या कातरकामाचे मर्म मला या घडीत दिसते. त्याच्या चित्रांवर टीका करताना पुष्कळदा असे म्हटले जाते की रेषा ओबडधोबड आहे, चेहरे म्हणजे दोन फटी आणि एक भोक, कडा असमान आहेत. हे खरेच आहे. मथुरा-वृंदावनकडच्या सांझीचे कागदी साचे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना अँडरसनचे काम फार ढोबळ वाटेल. तिथे जाळीतला तंतू तुटू नये म्हणून हात श्वास रोखून चालतो. पण सांझीचा साचा रंगाच्या भुकटीसाठी असतो, आणि तो सावकाश, एकाग्रतेने करायचा असतो. अँडरसनची कात्री गोष्टीच्या वेगाने चालते. गोष्ट थांबवून पापण्या कोरीत बसला असता, तर समोरचे मूल उठून गेले असते. त्या चित्राचा ओबडधोबडपणा म्हणजे त्या वेगाची खूण आहे. गोष्ट आणि कागद एकाच क्षणी उलगडायचे होते. बारकाव्याची किंमत त्यासाठी मोजावी लागली आणि त्याने ती जाणून मोजली.

याचा अर्थ त्याचे सगळेच काम सारख्या मोलाचे आहे असा नाही. सरावलेल्या हाताला सवयीचा शाप असतो. त्याच्या नर्तकी आणि हंस एकामागून एक पाहिले की पुष्कळदा कात्रीच पाठ केलेला धडा म्हणते आहे असे वाटते. जिथे घडीमुळे येणारा दुहेरीपणा अर्थपूर्ण होतो, तिथे मात्र तो चकित करतो. फाशीची काही चित्रे पाहावीत. घडीमुळे लटकणारा माणूस एकटा राहत नाही. खांबाच्या दोन्ही बाजूंना दोघे, अगदी एकसारखे, जणू कवायतीला उभे असल्यासारखे लटकतात. भीषण दृश्य हास्यास्पद होते आणि तरी त्याचे भीषणपण पुरते जात नाही. शाळकरी वयात, १८२५ साली, अँडरसनला एका शिरच्छेदाच्या शिक्षेची अंमलबजावणी पाहायला नेले होते, हे त्याच्या चरित्रात नोंदलेले आहे. कागदावरचा खांब थेट त्या दिवसातून आला असे मी म्हणणार नाही. परंतु जे सोसवत नाही ते हलक्या कागदात कातरून मुलाच्या तळहातावर ठेवणे, आणि दोघांनी मिळून त्याला हसणे, ही रीत त्याच्या परीकथांचीही आहे.

*

हा संबंध मी ओढूनताणून जोडीत नाही. अँडरसनने स्वतःच तो कथेत लिहून ठेवला आहे. १८३५ साली त्याच्या परीकथांची पहिली पुस्तिका निघाली, तिच्यात 'छोट्या इडाची फुले' ही कथा आहे. लोककथांचे संग्राहक थीले यांची मुलगी इडा हिला सांगितलेल्या गोष्टीतून ती तयार झाली. कथेतल्या इडाची फुले कोमेजली आहेत. सोफ्यावर बसलेला एक विद्यार्थी तिला सांगतो की ती रात्री नाचाला गेली होती म्हणून दमली आहेत. हा विद्यार्थी मुलांसाठी कातरकाम करतो: आत नाचणाऱ्या बायका असलेली हृदये, फुले, दारे उघडणारे राजवाडे, आणि हातात हृदय धरून फाशी गेलेला माणूस, कारण तो हृदयांचा चोर होता! विद्यार्थ्याच्या रूपाने अँडरसनने आपल्या हातातली कात्रीच कथेत आणून ठेवली आहे.

याच कथेत एक सल्लागारसाहेब आहेत. दरबारी हुद्द्याचे, रुंद टोपीचे, कंटाळवाणे. विद्यार्थी कातरू लागला की त्यांना राग येतो. मुलांच्या डोक्यात असले खूळ भरवायचे म्हणजे काय, अशी त्यांची तक्रार. रात्री फुलांचा नाच रंगतो तेव्हा मेणाची एक बाहुली, हुबेहूब सल्लागारांसारखी टोपी घातलेली, तीच तक्रार करीत उठते आणि तिची फजिती होते. आमच्या समीक्षकांच्या जमातीचे जागतिक साहित्यात जे काही पुतळे उभे आहेत, त्यांत हा मेणाचा पुतळा मला सर्वांत बोचतो. सल्लागारसाहेब दुष्ट नाहीत. कातरचित्र चांगले की वाईट, यात त्यांची चूक झालेली नाही. ते कोणासाठी चालले आहे हेच त्यांना दिसत नाही. खोलीत इडा बसलेली आहे, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात नाही.

कथेचा शेवट तर आपल्या विषयाच्या गाभ्याशी नेतो. सकाळी फुले मेलेली असतात. इडा त्यांना पक्ष्यांची चित्रे असलेल्या कागदी पुठ्ठ्याच्या एका सुंदर पेटीत ठेवते आणि बागेत पुरते, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ती अधिक सुंदर होऊन येतील. आठवण जपण्यासाठी केलेल्या वस्तूचे याहून नेमके चित्र मला कुठे आढळले नाही. पेटी कागदाची आहे, जमिनीत ती कुजणारच. टिकाऊपणाशी तिचा काही संबंध नाही. तिचे काम एवढेच, की जे हातातून जात आहे ते नुसते फेकले जाऊ नये.

१८३८ सालच्या शूर शिपायाच्या कथेतही कागदच कागद आहे. वाढदिवसाला मिळालेला कथलाचा एकपायी शिपाई ज्या नर्तकीवर लुब्ध होतो ती कागद कातरून केलेली, तिचा किल्लाही कागदी. मुले ज्या होडीत बसवून त्याला गटारात सोडतात ती वर्तमानपत्राची. शेवटी दोघेही शेगडीत जातात. शिपाई वितळून त्याचे कथलाचे हृदय उरते. नर्तकीचे मात्र तिच्या अंगावरचे चमकीचे फूल तेवढे कोळशासारखे काळे होऊन उरते. कागद मुळीच उरत नाही. ज्याने रोज कागद कातरून वाटला, त्या माणसाने हे लिहिले आहे. आपण देतो ती वस्तू किती टिकणार, याविषयी त्याला कसलाही भ्रम नव्हता.

*

कातरकामाच्या जोडीला चिकटकाम येतेच. अँडरसनने ओळखीच्या मुलांसाठी चित्रांच्या वह्या चिकटवून तयार केल्या. त्यांतली १८५९ सालची, छोट्या क्रिस्तीन स्टॅम्पेसाठी केलेली वही विशेष प्रसिद्ध आहे. तिचे आजोबा अडॉल्फ ड्रेवसेन हे अँडरसनचे जुने स्नेही. पन्नाशी उलटलेल्या या दोघा मित्रांनी मासिके-वर्तमानपत्रांतली चित्रे कापली, कुठे रंगीत तुकडे जोडले, मध्ये अँडरसनची कातरचित्रे बसवली आणि चित्रांखाली छोट्या यमकबद्ध ओळी लिहिल्या. १९८४ साली ही वही छापील रूपात इंग्रजीतही निघाली.

छापील पुस्तक म्हणून तिचे परीक्षण करायचे झाले तर निकाल फारसा अनुकूल लागणार नाही. बहुतेक चित्रे परक्यांची, कोणा अनोळखी खोदकाम करणाऱ्याची. पद्ये किरकोळ. पण ही वही जिच्यासाठी होती तिला तेव्हा वाचताही येत नव्हते. ओळी आजोबांनी वाचायच्या, बोट चित्रावर ठेवायचे, आणि पोरीने विचारायचे, 'हा कोण?' ते मांडीवर बसून पाहायचे पुस्तक आहे. पद्यांचा किरकोळपणा हा त्यातला मोकळा ठेवलेला पाट आहे; तिथे तिसऱ्या माणसाच्या बोलण्याला जागा आहे. काचेच्या पेटीत ठेवल्यावर तो पाट रिकामा दिसतो, आणि आपण म्हणतो, कविता साधारण आहे.

याच्या उलट उदाहरण अँडरसननेच देऊन ठेवले आहे. १८७३-७४ च्या सुमारास, आजारपणात, कोपनहेगनच्या आपल्या बिऱ्हाडात त्याने एक घडीचा पडदा चिकटकामाने भरून काढला. त्याच्या आठ बाजू: बालपण, रंगभूमी, डेन्मार्क, स्वीडन-नॉर्वे, जर्मनी-ऑस्ट्रिया, फ्रान्स, इंग्लंड आणि पूर्वेकडचे देश. माणसांचे चेहरे, इमारती, झाडे, देखावे एकमेकांवर असे रेटले आहेत की बोट ठेवायला जागा नाही. चित्र म्हणून पाहिले तर हा पडदा त्या सगळ्या वह्यांपेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याची गर्दी पाहणाऱ्याला गुदमरवते, स्वप्नासारखी पछाडते. हा पडदा कोणाला द्यायचा नव्हता. आजारी माणसाने स्वतःच्या खोलीत स्वतःसाठी मांडलेले ते सगळे आयुष्य आहे, आणि म्हणूनच त्यात दुसऱ्याच्या बोटाला जागा उरली नाही.

त्याच दिवसांत, १८७४ साली, त्याने डोरोथिया मेल्किओर या यजमानीणबाईंसाठी एक मोठे कातरचित्र केले. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १८७५ रोजी, त्यांच्याच घरी त्याचा अंत झाला. आयुष्यभर कातरलेल्या कितीतरी आकृती या एका कागदावर जमल्या आहेत. गर्दी पडद्याइतकीच; पण इथे घडी आहे, आणि घडीबरोबर मोकळी जागा आली आहे. कातरून काढलेल्या जागेतून समोरच्याचा चेहरा दिसू शकतो. पडदा आणि हा कागद शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे स्वतःसाठी केलेले आणि दुसऱ्यासाठी केलेले यांतला फरक विषयात वा कौशल्यात नसून रचनेतच कसा उतरतो, ते दिसते. भेट नेहमीच श्रेष्ठ, असे मला म्हणायचे नाही. तिचा न्याय वेगळ्या कलमाखाली करावा लागतो, एवढेच.

*

हे सगळे आज लिहिण्याचे कारण उघड आहे. हाताने केलेल्या, 'खास तुमच्यासाठी' म्हणून दिल्या जाणाऱ्या भेटवस्तूंना सध्या बरे दिवस आले आहेत. तयार साहित्याची पाकिटे मिळतात, कागदी फुलांचे कोरीव तुकडे मिळतात, आणि पेल्यापासून चौकटीपर्यंत हव्या त्या वस्तूवर हवे ते नाव उमटवून मिळते. मी त्याला नाके मुरडणार नाही. पाकिटातले तुकडे जोडतानाही कोणाची तरी आठवण होऊ शकते. परंतु नाव घालणे आणि माणूस ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँडरसनच्या भेटीचा खासपणा नाव लिहिल्याने आलेला नाही. क्रिस्तीनला वाचता येत नाही, हे त्या वहीच्या पानापानाला ठाऊक आहे. खासपणा तिथे आहे.

आणि असे काम घरातून घरात कसे जाते याचेही एक उदाहरण अँडरसनपाशीच सापडते. डेन्मार्कमध्ये नाताळच्या दिवसांत दोन रंगांचे कागद घडी घालून, चिरून, एकमेकांत विणून हृदयाच्या आकाराच्या छोट्या टोपल्या करतात, त्यांत खाऊ भरतात आणि झाडाला टांगतात. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने असे हृदय १८६० सालचे, अँडरसनच्या हातचे मानले जाते. पण डिसेंबरमध्ये टेबलाभोवती बसून ते विणणारी मुले ते आईकडून शिकलेली असतात, संग्रहालयातून नव्हे. आपल्या आकाशकंदिलाचा आकार पहिल्यांदा कोणी बांधला, हे तरी आपण कुठे विचारतो?

आता सल्लागारसाहेबांविषयी. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर आमच्या भागातल्या एका शाळेने घरी केलेल्या कागदी वस्तूंची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावले होते. गुणपत्रिकेत तीन रकाने होते: सुबकपणा, कल्पकता, प्रमाणबद्धता. एका मुलीने जुन्या लग्नपत्रिकांची पेटी केली होती. आत तीन कप्पे. एकावर कोंबडा, दुसऱ्यावर सूर्य, तिसऱ्यावर चंद्रकोर, जाड कागद दुमडून एकावर एक चिकटवलेले. आकृत्या पेटीच्या मानाने फार मोठ्या होत्या आणि झाकण त्यामुळे नीट बसत नव्हते. मी प्रमाणबद्धतेचे गुण कापले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. निकाल लागल्यानंतर तिच्या बाईंकडून कळले, की ती पेटी आजीच्या गोळ्यांसाठी होती. आजीला वाचता येत नव्हते आणि मोतीबिंदूमुळे दिसतही कमी होते. सकाळ, दुपार, रात्र तिने बोटाने चाचपून ओळखायची होती. ज्याला मी बेढबपणा म्हटले, ते त्या पेटीतले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम होते.

निकाल बदलण्याची वेळ निघून गेली होती. पुढच्या वर्षी त्याच शाळेचे बोलावणे आले, तेव्हा मी गुणपत्रिकेत 'कोणासाठी?' असा चौथा रकाना घालायला सांगितला आणि प्रत्येक मुलाकडून तो आधी भरून घेतला. त्या रकान्याला किती गुण ठेवायचे यावर शिक्षकांची आणि माझी बरीच चर्चा झाली. शेवटी तो गुणांविना ठेवला. परीक्षकाने तो आधी वाचायचा आणि मगच वस्तू हातात घ्यायची, इतकेच ठरले.